व्यवसायाची निवड आणि दहा ते सहाचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



"तुम्ही अधिकारी आहात, तेव्हा मुलांना मार्गदर्शन करा," अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली. माणूस अधिकारी झाला की त्याला मार्गदर्शनही करता येते, असा समज आपल्या समाजात फार जुना आहे. त्या समजाचा आजच्या विषयाशी निकटचा संबंध असल्यामुळे मी त्याच्यापासूनच आरंभ करतो.

आपल्याकडे मुलाला विचारतात, "तू कोण होणार?" "तू काय करणार?" असे सहसा कोणी विचारीत नाही. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरते: डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर. ही सारी खुर्च्यांची नावे झाली. त्या खुर्चीतला माणूस सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत नेमके काय करतो, त्याचे हात, डोळे आणि जीभ कोणत्या कामात गुंतलेली असतात, हे त्या मुलाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्याच्या वडिलांनाही नसते. खुर्ची लग्नकार्यात मिरवावयाची असते. काम मात्र रोज करावे लागते, आणि तेही पस्तीस-चाळीस वर्षे.

माझ्याच खुर्चीचे पाहा. मी इतिहास हा विषय घेऊन बी.ए. झालो आणि स्पर्धापरीक्षा देऊन केंद्र सरकारच्या सेवेत आलो. गावाकडील नातेवाईक मला 'दिल्लीचा साहेब' म्हणतात. मी कलकत्त्यात असलो तरी त्यांच्या लेखी ती दिल्लीच. या साहेबाचा दिवस कसा जातो? संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक फायली उघडतात. कोणाचा पदोन्नतीचा दावा असतो, कोणत्या न्यायालयीन प्रकरणातील प्रतिज्ञापत्राचा मसुदा असतो, कोठे लेखापरीक्षकांच्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे असते. अधिवेशन चालू असले म्हणजे संसदेतील प्रश्नाचे उत्तर चार वाजण्याच्या आत पाठवावे लागते. दिवसाचे सहा तास वाचन आणि लेखन. मला ते आवडते. तीन-चारशे पानांची जुनी फाईल तळापासून वाचीत यावी, वीस वर्षांपूर्वी कोणत्या पत्रामुळे घोळास आरंभ झाला ते सापडावे आणि ते दीड पानाच्या टिपणीत मांडावे, यात मला खरोखर समाधान मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधने चाळण्याची सवय असते, ती येथे कामी आली. पण माझ्याबरोबर लागलेला एक सहकारी चांगला खेळाडू होता, बोलका होता, चार माणसांत मिसळल्यावाचून त्याला करमत नसे. त्याच खोलीत, त्याच पगारावर, तो तिशी उलटेपर्यंत पार कोमेजून गेला. पुढे त्याची क्षेत्रीय कार्यालयात बदली झाली, रोज माणसांशी गाठ पडू लागली आणि वर्षभरात तो पूर्वीसारखा हसू लागला. पद तेच होते. बदलले होते ते दिवसाचे काम.

आता आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्या कुटुंबांची यात एक वेगळी अडचण आहे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाच्या आसपास मामा, काका, आत्येभाऊ असतात. एकाची शेती असते, एकाचा छापखाना, एक औषधांचे दुकान चालवितो, एक शाळेत शिकवितो. त्यांची कामे मुलाच्या नजरेखालून सहज जातात. आपली मुले वाढतात वसाहतीत. रेल्वेच्या वसाहतीत सर्वांचेच वडील रेल्वेत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत सर्वांचेच कारखान्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण गावी जातो खरे. पण तेथील माणसे त्या वेळी आपल्यासाठी काम बाजूला ठेवून बसलेली असतात. मुलांना आंबे दिसतात, आमराईतली मेहनत दिसत नाही.

याच्या जोडीला भीती असते. "परमुलखात आपले कोण आहे? तेव्हा नोकरी सुरक्षित हवी." ही भीती खोटी नाही. माझ्या वडिलांनाही ती होती. परंतु ज्या आधारावर ती सुरक्षितता उभी होती तो आधारच बदलला आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत दाखल झालेल्यांना आमच्यासारखे जुने निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या पगारातून अंशदान कापले जाते आणि ते गुंतविले जाते. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला आहे, पण त्यातही कर्मचाऱ्याला स्वतःचा वाटा भरावाच लागतो. सरकारी नोकरी वाईट झाली असे मी म्हणत नाही. मात्र वडिलांनी १९९० साली केलेला हिशेब मुलाच्या वहीत जसाच्या तसा उतरविता येणार नाही.

आपल्या या शहरातीलच एक उदाहरण सांगतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ते आमच्यासारखेच केंद्र सरकारचे नोकर होते, हे कितीजणांच्या लक्षात आहे? १९०७ साली वित्त खात्याच्या परीक्षेत ते पहिले आले आणि वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. त्या काळात हिंदी तरुणाला याहून मोठी खुर्ची क्वचितच मिळे. एके दिवशी ट्रामने जाताना बहूबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेची ती पाटी. संस्थेची उपकरणे पडून होती, वापरणारे जवळजवळ कोणी नव्हते. रामन तेथे कचेरीपूर्वी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर सायंकाळी जाऊ लागले. मध्यंतरी त्यांची रंगूनला बदली झाली, मग आपल्या नागपूरला झाली, १९११ च्या सुमारास ते पुन्हा कलकत्त्यास आले आणि त्यांचा जुना क्रम सुरू झाला. १९१७ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी देऊ केलेले विद्यापीठातील पालित प्राध्यापकाचे पद त्यांनी स्वीकारले. तेथील वेतन सरकारी वेतनापेक्षा बरेच कमी होते. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्यांच्या शोधाचा दिवस आणि १९३० चे नोबेल पारितोषिक हे सर्व पुढचे.

ही कथा सांगताना वक्ते सामान्यतः "त्यांनी नोकरीवर लाथ मारली" असे म्हणतात आणि टाळ्या घेतात. मला ती कथा तशी दिसत नाही. रामन यांनी दहा वर्षे हिशेब तपासले आणि दहा वर्षे प्रयोग केले. प्राध्यापकाचे पद घेतले त्या दिवशी प्रयोगशाळेतील दिवस कसा असतो हे त्यांना पुरते माहीत होते. कंटाळवाणे भाग कोणते, अपयशाचे दिवस किती, याचीही कल्पना होती. अंधारात घेतलेली ती उडी नव्हती. खुर्ची सोडण्यापूर्वी दुसरे काम हाताला लागलेले होते. विद्यार्थिमित्रहो, "माझे मन रमत नाही" एवढ्यावर कोणतीही गोष्ट सोडू नका. कशात रमते, ते आधी हाताने करून पाहा.

मन रमणे हीदेखील मोठी फसवी गोष्ट आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले. पहिल्या काही दिवसांतच त्या एकलकोंड्या कामाला कंटाळून ते प्राचार्यांकडे गेले आणि मला परत वर्गात घ्या म्हणू लागले. आधी ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला जाऊन या, तरीही नको वाटले तर परत घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. ते लंडनला गेले, तेथील ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली, आणि ग्रंथांच्या वर्गीकरणात गणितीच्या बुद्धीला केवढे रान मोकळे आहे हे त्यांच्या ध्यानी आले. १९३१ चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आणि १९३३ ची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती ही त्याच माणसाची कामे. पहिल्या महिन्यातील कंटाळ्यावर निकाल दिला असता तर काय झाले असते? तेव्हा "आवड असेल तेच करा" हा आजकालचा सोपा उपदेशही मी पालकांच्या धाकाइतकाच सांभाळून घेतो. सोळाव्या वर्षी आवड कोठून कळणार? पाहिलेल्या गोष्टींतूनच ना? आणि पाहिलेले तर थोडके.

ज्या बहूबाजार रस्त्यावर रामन यांनी प्रयोग केले, त्याच परिसरातील आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. तिथली ती विज्ञानसंस्था पुढे जादवपूरला गेली, रस्त्याचे नावही आता बिपिनबिहारी गांगुली रस्ता असे आहे. पण तेथील सराफांची रांग कायम आहे आणि त्या रांगेमागच्या गल्ल्यांत सांगली-साताऱ्याकडची आपली गलाई करणारी माणसे आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागांतून निघालेली ही माणसे भारतातील बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत पोचली. जुने दागिने वितळवून, सोनारांच्या दुकानातील केर जाळून-धुऊन त्यातून शुद्ध सोने वेगळे काढणे हा त्यांचा व्यवसाय. आपल्या मंडळाचे निम्मे गणपती त्यांच्या वर्गणीवर झाले आहेत, हे येथे उघडपणे बोलले पाहिजे.

या शहरातील माझी ही दुसरी नेमणूक. पहिल्या वेळी, २०१९ च्या उन्हाळ्यात, त्यांच्यापैकी एक गृहस्थ बारावी झालेल्या मुलाला घेऊन माझ्या घरी आले. म्हणाले, "साहेब, ह्याला तुमच्यासारखं कुठंतरी चिकटवा. आमचं आयुष्य धुरात गेलं. ह्यानं तरी पंख्याखाली बसावं." मुलगा खाली मान घालून बसला होता. काय आवडते, असे विचारले तर उत्तर नाही. मग मी, केवळ माझी उत्सुकता म्हणून, सोन्यातली चांदी वेगळी कशी काढतात असे त्याला विचारले. त्या मुलाने मान वर केली आणि पुढचा अर्धा तास तोच बोलत होता. आधी सोन्यात उलट आणखी चांदी घालतात, का, तर सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. मग तेजाबात टाकले की तांबूस धूर निघू लागतो. धूर थांबला म्हणजे चांदी विरघळून गेली. तळाशी उरतो तो तपकिरी, मातीसारखा दिसणारा भुगा, आणि तेच सोने. पुन्हा मुशीत घालून आटविले की पिवळे होते. "शाळेत सरांनी हे फळ्यावर लिहिलं तवा मला आधीच ठाऊक होतं," तो म्हणाला. वडील त्याच्याकडे पाहातच राहिले. घरच्या धंद्याविषयी मुलगा इतके बोलू शकतो, हे त्यांना नवीन होते.

त्या मुलाने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले. योगायोग असा की जून २०२१ पासून देशात सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेली तपासणी केंद्रे वाढू लागली. आज तो अशाच एका केंद्रात सोन्याचा कस तपासतो. दागिन्याचा बारीकसा तुकडा काढून तोलायचा, चांदीची जोड देऊन शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, भट्टीत ठेवायचा, उरलेला मणी तेजाबात घालून राहिलेले शुद्ध सोने पुन्हा तोलायचे. आजोबांनी नजरेने केले तेच काम, आता अतिसूक्ष्म तराजूने. वडिलांचे पूर्ण समाधान अजून झालेले नाही. "शेवटी भट्टीच की," असे ते परवा म्हणाले. तथापि तेथे धूर ओढून घेणारी यंत्रणा आहे, आणि पंखाही आहे.

या गोष्टीवरून वडिलांचाच धंदा करावा असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. तेजाबाच्या धुराने ज्यांची छाती गेली त्यांना तसे सांगण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच दिसले की त्या मुलाला कशाची जाण आहे हे कळण्यासाठी त्याला 'कोण होणार' असे विचारून काही उपयोग झाला नाही. 'कसे करतात' असे विचारावे लागले. पालकांनो, आपल्या मुलाला असा एक प्रश्न विचारून पाहा. ज्या गोष्टीविषयी तो न थांबता, बारकाव्यांसह आणि आपल्याला दुरुस्त करीत बोलतो, ती गोष्ट टिपून ठेवा. गुणपत्रिकेत ती नसते.

मुलींच्या बाबतीत मला थोडे कठोर बोलावयाचे आहे. आज पारितोषिके घेतलेल्यांत मुली अधिक आहेत, आणि तरीही त्यांच्यातील कित्येकींच्या घरी "लग्नानंतर कोठेही करता येईल असे काहीतरी घे" हा सल्ला ऐकू येतो. म्हणजे अजून कोणी पाहिलेला नाही अशा जावयाच्या संभाव्य बदलीचा विचार करून मुलीचा विषय ठरवावयाचा! बदल्यांनी संसाराची काय ओढाताण होते ते मी जाणतो. माझ्या पत्नीने तीन गावांत तीन वेळा नव्याने नोकरी शोधली. तो प्रश्न खरा आहे. पण तो जेव्हा येईल तेव्हा दोघांनी मिळून सोडवावयाचा आहे. भूगर्भशास्त्राकडे ओढा असलेल्या मुलीला अकरावीतच त्यासाठी दंड करण्याचे कारण नाही.

भूगर्भशास्त्राचे नाव मी सहज घेतले नाही. आपण ज्या शहरात राहतो तेथे १८५१ साली सुरू झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्यालय आहे. वनस्पती सर्वेक्षण, प्राणी सर्वेक्षण, मानवशास्त्रीय सर्वेक्षण यांचीही मुख्यालये येथेच. बारानगरला प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी स्थापिलेली सांख्यिकी संस्था आहे, अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालय आहे, नकाशे तयार करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आपल्यापैकी किती मुलांनी यांतले एक तरी दार आतून पाहिले आहे? भूवैज्ञानिकांसाठी आणि भारतीय सांख्यिकी सेवेसाठी संघ लोकसेवा आयोग स्वतंत्र परीक्षा घेतो, हेही अनेक घरांत ठाऊक नसते. 'आयोग' म्हटले की डोळ्यांपुढे एकच परीक्षा येते.

त्या एका परीक्षेबद्दल, मी ज्या सेवेत आहे तिच्या जवळची असल्यामुळे, दोन शब्द बोलणे भाग आहे. नागरी सेवा परीक्षेला अर्ज काही लाखांनी येतात आणि जागा असतात हजाराच्या आसपास. पुण्याच्या पेठांत आणि दिल्लीच्या खोल्यांत आपली हुशार मुले बाविसाव्या वर्षी जातात आणि कित्येकजण तिशीला परत येतात. त्यांची बुद्धी कमी पडली असे मुळीच नाही. हजारातच लाख मावत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. जावयाचे असेल तर जावे, परंतु किती प्रयत्न करावयाचे तो आकडा निघण्यापूर्वी घरात सर्वांसमक्ष ठरवावा, आणि हाताशी एक दुसरे शिक्षण पुरे केलेले असावे. त्याहूनही आधी एखाद्या जिल्हाधिकाऱ्याचा नव्हे, त्याच्या हाताखालील तहसीलदाराचा एक पूर्ण दिवस पाहून यावे.

भाषेचा मुद्दा मंडळाच्या व्यासपीठावरून सांगितलाच पाहिजे. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर बंगाली, शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलतात, आणि आपण त्यांचे मराठी बिघडले म्हणून हळहळत बसतो. देवघरजवळच्या करों गावात १८६९ साली जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी याच संमिश्र परिस्थितीतून आपले आयुष्यकार्य उभे केले. त्यांचे १९०४ चे 'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक इतके प्रभावी ठरले की १९१० साली सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. अनुवाद, वृत्तपत्रे, राजभाषा विभाग, न्यायालये या सर्वांना चार भाषा चांगल्या येणारी माणसे हवी आहेत. चांगल्या म्हणजे लिहिता येण्याजोग्या. बाजारात भाव करण्यापुरत्या नव्हेत.

आता एक सूचना मांडतो आणि थांबतो. कार्यकारिणीने तिला संमती दिली आहे. मंडळात एक वही ठेवली जाणार आहे. प्रत्येक सभासदाने तीत आपले पद न लिहिता आपण दिवसभरात काय करतो ते पाच-सहा ओळींत लिहावयाचे. दहावी ते पदवीपर्यंतच्या कोणाही मुलामुलीने ती वही चाळावी आणि ज्याचे काम पाहावेसे वाटेल त्याच्याजवळ एक-दोन दिवस नुसते बसून यावे. सरकारी कचेरीत परवानगीची बाब आहे, ती मी माझ्यापुरती विचारून ठेवली आहे. आपल्या भगिनी सभासदांपैकी ज्या घरी शिकवण्या घेतात किंवा डबे पुरवितात त्यांनीही अवश्य लिहावे. पन्नास डब्यांचा हिशेब कसा बसतो हे वाणिज्य शाखेच्या मुलांनी पाहण्यासारखे आहे.

वही आजच कार्यवाहांच्या टेबलावर आहे. पहिले पान मी भरले आहे. दुसऱ्या पानावर बहूबाजारातील त्याच गलाईवाल्या गृहस्थांनी, आपल्या मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिले आहे: रविवारखेरीज रोज, सकाळी सात ते नऊ, भट्टी पेटलेली असते. एका वेळी दोघांनीच यावे. सुती कपडे घालावेत, आणि पायांत चप्पल नको, बूट असावेत.